घड्याळजींचा भोपळा

निम्मे वाटाणे सोलून झाले होते आणि निम्मे अजून शेंगांतच होते. घड्याळजी जेवणाच्या टेबलाशी बसून एकेक शेंग उकलत, अंगठ्याने दाणे पुढे ढकलत आणि मग त्यांची वर्गवारी लावत. मोठे एका खणात, मधले दुसऱ्यात, अगदी बारके तिसऱ्यात. तो खणांचा पत्र्याचा ट्रे दुकानातला. चाळीस वर्षं त्यात चाकं, काटे आणि स्क्रू ठेवले, आता वाटाणे. पहिल्यांदा हा प्रकार पाहून काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, विचारलं होतं की पोटात गेल्यावरही हे दाणे आपापल्या खणातच बसणार आहेत का. घड्याळजींनी शांतपणे सांगितलं की बारके दाणे लवकर शिजतात, ते मागून टाकायचे. काकूंनी तसं करून पाहिलं आणि मग काही बोलल्या नाहीत. पस्तीस वर्षांच्या संसारात काकू काही बोलल्या नाहीत असे प्रसंग फार नाहीत, म्हणून हा लक्षात राहिला.

घड्याळजींचं दुकान बंद झाल्याला दोन वर्षं होत आली होती. दुकान कोणी बंद पाडलं नाही. एके दिवशी चिमट्यातून केसाएवढी स्प्रिंग उडाली. ती सापडली, बसली, घड्याळ चालूही लागलं. पण त्या दिवशी घड्याळजींनी आपला उजवा हात दिव्याखाली धरून नीट पाहिला. हात थरथरत होता. थोडासाच, पण मनगटी घड्याळाच्या पोटात थोडासाच थरथरणारा हात म्हणजे घरात शिरलेला बैल. महिन्याच्या आत त्यांनी पाटी उतरवली, डोळ्याला लावायचं भिंग खिशात घातलं आणि घरी येऊन गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसले. बसले ते बसलेच. काकू देवापुढे दिवा लावून यायच्या, तर हे तिथेच. स्वयंपाक आटोपून यायच्या, तर हे तिथेच. खुर्चीचा वेतसुद्धा त्यांच्या आकाराचा झाला.

शेवटी लेक सुट्टीला आली. बापाला असं बसलेलं पाहून तिने उपदेश केला नाही, शहाणी आहे. तिने सहा कुंड्या, मातीची तीन पोती आणि बियांची पाकिटं आणून गॅलरीत ठेवली आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेली. पोती वाटेत होती. खुर्चीपर्यंत पोचायचं तर ती हलवावी लागणार होती. ती हलवता हलवता घड्याळजी बागाईतदार झाले.

पाचव्या मजल्यावरच्या त्या अरुंद गॅलरीत पालक आला, कोथिंबीर आली, टोमॅटोही लागले. आलेलं शिजवायला कसं लागतं ते बघू म्हणत ते स्वयंपाकघरातही शिरले. आधी काकूंना वाटलं, आता माझ्या डब्यांची रचना बदलणार. ती बदललीच. पण हळूहळू दोघांचं जमलं. मीठ भुरभुरवायचं काम तर काकूंनी त्यांच्याकडेच दिलं. हात थरथरत असल्यामुळे काकडीच्या चकत्यांवर मीठ असं सारखं पसरायचं की एकही चकती अळणी नाही आणि एकही खारट नाही. काकू म्हणायच्या, असा हात पैसे देऊन मिळायचा नाही. घड्याळजींना ते लागायचं. हाताचं कौतुक ते आता मिठावरून, पण ते दाखवत नसत.

त्यांचा सगळा जीव अडकला होता भोपळ्यात. पालक काय, कुणाच्याही हाताला येतो, असं त्यांचं मत. भोपळा म्हणजे वजनदार काम. गॅलरीच्या जाळीवर वेल चांगला चढला, पानं ताटाएवढी झाली, फुलंही मोप आली. फळ मात्र एक धरेना. फुलामागे हिरवी गोळी दिसायची, दोन दिवस टुकटुक बघायची, तिसऱ्या दिवशी पिवळी पडून गळायची. खत घालून झालं, डाळ धुतलेलं पाणी घालून झालं, कुंडी पूर्वेची पश्चिमेला करून झाली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. सात गोळ्या गळल्या तेव्हा एका संध्याकाळी ते काकूंना म्हणाले, "येत्या रविवारपर्यंत धरला तर धरला. नाहीतर भंगारवाल्याला बोलावून कुंड्या देऊन टाकू. हात गेलेत ते गेलेतच."

काकूंनी हातातली पळी खाली ठेवली. कुंड्या गेल्या की मग काय उरणार, हे त्यांना ठाऊक होतं. वेताची खुर्ची उरणार. त्या रात्री देवाकडे त्यांनी कधी मागितला नव्हता तो भोपळा मागितला. मागताना जरा लाजही वाटली.

तर वाटाणे सोलायची ती सकाळ गुरुवारची. वेलावर शेवटची, आठवी गोळी होती आणि तिचं फूल त्याच सकाळी उमललं होतं. इकडे काकूंनी ओट्यावर पीठ कालवलं होतं. कशासाठी, ते सांगायला हवं.

घड्याळजींनी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट हेरली होती. वेलाला दोन तऱ्हेची फुलं येतात. काहींच्या मागे छोटी गोळी असते. बाकीची नुसत्या लांब दांड्यावर उभी, मागे काही नाही, एका दिवसात कोमेजून जातात. घड्याळ उघडल्यावर घड्याळजींची पहिली रीत काय, तर जे कामाचं नाही ते आधी चिमट्याने बाहेर काढायचं. धूळ, केस, गंज, कुठल्यातरी नवशिक्याने घुसवलेला जादा स्क्रू. तीच रीत त्यांनी वेलाला लावली. ही बिनगोळीची फुलं वेलाचा जोर खातात, असं ठरवून ते रोज सकाळी भिंग लावून एकूण एक तोडायचे. आणि काकूंची रीत अशी की देवाने दिलेलं टाकायचं नाही. मग ती फुलं पिठात बुडवून तळायची. कुरकुरीत, वर तिखटाची चिमूट. दोघं रोज सकाळी चहाबरोबर खायचे. काकू तर म्हणायच्या, भोपळा येवो न येवो, वेल फुकट नाही गेला.

त्या सकाळी पाच फुलं तोडून ताटलीत ठेवली होती. काकूंनी पीठ कालवता कालवता सांगितलं की मिरच्या संपल्यात, आणून द्या, आणि जाताच आहात तर त्या भाजीवालीला विचारा एकदा, गोळ्या का गळतात ते. हे त्या आठवडाभर सांगत होत्या. घड्याळजी ऐकत नव्हते. ज्या माणसाने स्टेशनचं घड्याळ शिडीवर चढून दुरुस्त केलं, त्याने भाजीवालीला विचारायचं? काकूंनी वाद घातला नाही. ताटलीतलं एक फूल उचललं आणि नवऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात खोचलं.

"विचारू नका. नुसतं दाखवा," त्या म्हणाल्या.

घड्याळजी अर्धे वाटाणे तसेच सोडून, खिशात पिवळं फूल मिरवत खाली उतरले. जिन्यात भेटलेल्या दोघांनी लग्न आहे का म्हणून विचारलं. त्यांनी मान हलवली, होय की नाही ते कळू दिलं नाही.

कोपऱ्यावरची भाजीवाली जाडजूड, मोठ्या आवाजाची बाई. तिने मिरच्या तोलता तोलताच फूल पाहिलं आणि विचारलं की हे कुठून तोडलंत. घड्याळजी म्हणाले, घरच्या वेलावरून, रोज तोडतो. रोज, असं म्हणताना भाजीवालीचा हात थांबला. करता काय त्यांचं, तिने विचारलं. घड्याळजींनी खरं ते सांगितलं. तळून खातो, आणि गोळ्या मात्र सगळ्या गळतात.

भाजीवालीने तराजू खाली ठेवला. हसू आवरायला तिला पदर तोंडाशी न्यावा लागला.

"म्हणजे नवरे सगळे तळून खाल्लेत," ती म्हणाली, "आणि वर विचारता, घरात पाळणा का हलत नाही."

मग तिने सांगितलं. लांब दांड्याचं ते नराचं फूल. त्याच्यातली पिवळी भुकटी गोळीवाल्या फुलाला लागली पाहिजे, तरच फळ धरतं. मधमाशी करते ते काम, नाही आली तर आपण करायचं. पण नवराच घरात नाही तर मधमाशी आली काय आणि गेली काय. आणि हो, हे सगळं सकाळच्या सकाळी. ऊन चढलं की फूल मिटतं, मग बसा वर्षभर.

घड्याळजींनी मनगटाकडे पाहिलं. नऊ वाजून वीस मिनिटं. शेजारच्या टोपल्यांशी उभ्या असलेल्या बायका हसत होत्या, पण त्यांना ते ऐकूच येत नव्हतं. ताटलीत चार फुलं होती आणि ओट्यावर पीठ तयार होतं. ते मिरच्या न घेताच वळले. लिफ्ट चालू होती, पण वरच्या मजल्यावर थांबली होती, आणि थांबलेल्या गोष्टीची वाट बघायचा धीर त्यांच्यात नव्हता. पाच मजले ते जिन्याने चढले.

दार उघडलं तेव्हा काकू शेवटचं फूल कढईतून काढून कागदावर ठेवत होत्या.

"अगं, आपण नवरे खातोय," घड्याळजी धापा टाकत म्हणाले.

"मी पस्तीस वर्षं एकाचं डोकं खातेय, त्यात काय नवीन," काकू म्हणाल्या, आणि मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून गॅस बंद केला.

घड्याळजींनी भाजीवालीचं म्हणणं दोन वाक्यांत सांगितलं. चारही तळून झाली होती. वेलावर नराची उद्याची कळीसुद्धा नव्हती, कारण वेल आता थकला होता आणि उरलेलं जे काही होतं ते घड्याळजींनी स्वतःच साफ केलं होतं. ते दोन्ही हात ओट्यावर टेकून उभे राहिले. काकू पुढे आल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या खिशातून फूल काढलं. जिन्याच्या धावपळीत एक पाकळी चुरगळली होती. बाकी फूल ताजं होतं.

पुढचं काम दोघांनी मिळून केलं. गॅलरीत आठव्या गोळीचं फूल अजून उघडं होतं, कडा मात्र आत वळायला लागल्या होत्या. काकूंनी ते दोन बोटांनी धरून ठेवलं. घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावलं, चिमट्याने खिशातल्या फुलाच्या पाकळ्या एकेक करून काढल्या आणि आतला पिवळा दांडा चिमट्यात धरला. दोन वर्षांत त्यांनी भिंगातून इतकं जवळून काही केलं नव्हतं. हात थरथरायला लागला. ते मनगट डाव्या हाताने दाबून धरायला गेले, तर काकू म्हणाल्या, "असू द्या. मीठ भुरभुरवता ना, तसंच."

त्यांनी मनगट सोडलं. दांडा थरथरला आणि भुकटी झरझर पडली. भिंगातून दिसत होतं, एकही बाजू कोरडी राहिली नव्हती.

नंतर दोघांनी गार झालेली चार फुलं खाल्ली. टाकायची कशाला. पण त्या दिवशी ती जरा अपराधी मनानेच घशाखाली उतरली, आणि पुन्हा नराचं फूल गरजेपुरतं वेलावर ठेवल्याशिवाय तळायचं नाही, असा दोघांनी कानाला खडा लावला.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. घड्याळजी गोळीला हात लावत नव्हते, फक्त दुकानातलं स्टीलचं माप घेऊन दुरूनच तिची जाडी मोजत होते. काकूंनी सांगितलं की लेकरू झोपलंय, सारखं बघू नका, दृष्ट लागेल. रविवारी सकाळी ते उठले तेव्हा खाली भंगारवाल्याची आरोळी चालली होती. काकूंनी चादरींच्या घड्या करायचं निमित्त काढलं आणि गॅलरीकडे पाठ केली. हा तिसरा दिवस. याच दिवशी सातही गळल्या होत्या.

एकच चादर त्यांनी दोनदा घातली, दोनदा उलगडली. मग घड्याळजी दारात आले आणि म्हणाले की तीन मिलिमीटरने वाढलीय. हिरवीगार आहे. मान खाली घातलीय तिने, वजनाने.

काकूंनी हातातली चादर तशीच टाकली आणि जिन्यात जाऊन भंगारवाल्याला हाक मारली. घड्याळजी मागोमाग धावले, कुंड्या देऊ नकोस म्हणून सांगायला. काकूंनी त्यांचं ऐकलंच नाही. भंगारवाला वर आला तेव्हा त्यांनी गॅलरीत बोट दाखवलं आणि वेताची खुर्ची उचलायला सांगितली.

घड्याळजी म्हणाले की मग मी बसू कुठे. काकू म्हणाल्या की तिथे आता भोपळा वाढणार आहे, तुम्हाला बसायला वेळ कुठाय.

भोपळा वाढला. फार नाही, दोन नारळांएवढा. त्याला जाळीवर तोलून धरायला घड्याळजींनी दुकानातल्या जुन्या ॲप्रनची झोळी शिवली. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या बाई आपल्या काकडीची अशीच तक्रार घेऊन आल्या, तर घड्याळजी भिंग आणि चिमटा घेऊन त्यांच्याकडे गेले, आणि जाताना पावलं पुन्हा दुकानात निघाल्यासारखी पडत होती. त्यांच्या वेलाला तीन काकड्या लागल्या. मग बातमी वर गेली, खाली गेली, आणि सकाळी साडेसातला घड्याळजींच्या दाराची बेल वाजायला लागली.

भोपळा पिकून देठ वाळला तेव्हा त्यांनी तो स्वतः कापला. अर्ध्याचं सूप केलं, वरून बारके वाटाणे टाकले, अगदी शेवटी. बिया धुऊन घड्याळाच्या सुट्या भागांच्या डब्यांत वाळत घातल्या. एका डब्यात मोठ्या, एकात मधल्या. मीठ अर्थातच त्यांनीच घातलं. काकूंनी पहिली वाटी देवापुढे ठेवली, दुसरी नवऱ्यापुढे, आणि मग स्वतःची प्यायला घेतली. दोन चमचे झाल्यावर त्या म्हणाल्या, "हात गेले म्हणत होतात ना."

घड्याळजींनी आपली वाटी पुढे केली आणि आणखी मागितलं.

उरलेला अर्धा भोपळा काकूंनी कागदात गुंडाळून पिशवीत घातला. नुसता सल्ला देऊन भोपळा मिळवणारी बाई म्हणजे आवळा देऊन कोहळा काढणाऱ्यांची थोरली बहीण, असं त्या हसत म्हणाल्या. घड्याळजींनी पायात चपला सरकवल्या. भाजीवालीला भोपळा द्यायचा होता आणि मिरच्या आणायच्या होत्या.