जामुनी

दिग्रसच्या नजीरमियाँचं सायकलीचं दुकान नावाला. खरा जीव मासे धरायच्या गळांत. बाजारातला सरळ दांडीचा गळ ते लाल करून मानेत वाकवत, पुन्हा लाल करून तेलात बुडवत, घासून मंद आचेवर धरत आणि शेवटी शिशाचं डोकं बसवत, की झाली मरळ माशासाठी जिग, म्हणजे वजनाचा गळ. खरी मेख त्या आचेत होती. पोलादावर आधी गव्हाळ रंग चढतो, मग जामुनी, मग निळा. जामुनीवरच उचलायचा. आधी उचलला तर गळ तुटतो, उशीर झाला तर मासा त्याला सरळ करून निघून जातो. धरणावरचे जुने लोक दुसऱ्या कुणाचा गळ लावत नसत, आणि नजीरमियाँना त्याचा भारी तोरा होता.

मग साखरेनं दोन्ही डोळ्यांचे पडदे खाल्ले. डॉक्टरांनी हात टेकले. माणसं सावलीसारखी दिसत. रंग तर गेलेच. तेव्हा त्यांनी बायकोला, जैबुनबीला, स्टोपाशी बसवलं. जामुनी आला की सांग, एवढंच शिकवलं. आणखी काय शिकवायचं असतं?

तिच्या सांगण्यावरून उचललेले पहिले गळ तांड्यावरचे जुने गिऱ्हाईक खेमसिंग घेऊन गेले. आठवड्यानं येऊन त्यांनी नजीरमियाँच्या तळहातावर तीन गळ ठेवले. तिन्ही खिळ्यासारखे सरळ.

"मरळ गेली त जाऊ दे," खेमसिंग म्हणाले. "पण लोकं तुह्या नावाले हासून राह्यले, नजीर."

नजीरमियाँ बायकोवर उखडले. तिनं शपथेवर सांगितलं, जामुनी झाल्यावरच बोलले. जांभळाच्या सालीसारखा, काळपट निळा.  जन्मभर नजीरमियाँ जामुनी म्हणत आले होते ते जांभूळ खाल्ल्यावर जिभेवर उरतो त्या रंगाला. चाळीस वर्षं एका घरात राहून हा शब्द दोघांनी कधी ताडून पाहिला नव्हता.

मग जिभेच्या रंगावर सांगायचं ठरलं. पहिले गळ पकडीत धरताच तुटले, पुढचे सरळ झाले. नजीरमियाँचा धीर सुटला. जैबुनबी मात्र चिडली नाही. एकदा तुम्हीच दाखवा, म्हणाली, मी डोळ्यांत साठवून घेते.

त्यांनी चिमट्यात गळ धरला आणि तोंड अगदी आचेजवळ नेलं. ती गळाकडे टक लावून बसली.

"अब?" तिनं विचारलं. थोड्या वेळानं पुन्हा, "अब?"

नजीरमियाँना नुसती झळ लागत होती.

"स्टो बुझा दे," ते म्हणाले.