जळलेला दोरा

हातमागाच्या प्रदर्शनात एक कुर्ता मी उलटासुलटा करून पाहत होते. घालून पाहिला तेव्हा खांद्यावर तो इतका नेमका बसला होता, की इतकं चांगलं खरं कसं असेल, अशी मला शंका आली. शुद्ध सूत, झाडापानांचे रंग, पिढ्यान्‌पिढ्यांचा माग. असल्या पाट्या हल्ली सगळीकडेच लागलेल्या असतात.

“मावशी, हे खरंच सुती आहे ना?” मी तिसऱ्यांदा विचारलं.

विकणाऱ्या बाई विणकराच्या घरातल्या होत्या. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी कुर्त्याच्या आतून एक दोरा ओढला आणि त्याला काडी लावली. दोरा कागदासारखा जळला. राख त्यांनी माझ्या बोटांवर ठेवली, ती अगदी मऊ होती. तरी माझ्या मनात आलंच, उभा दोरा सुती असेल, आडव्याचं कोण जाणे!

माझ्या चेहऱ्यावर ते उमटलं असावं. “ताई, तुमच्या ओढणीचा एक दोरा काढू का?” त्यांनी विचारलं.

“काढा की,” मी ऐटीत म्हणाले. ओढणी मोठ्या दुकानातली होती, ‘अस्सल सुती’ अशी चिठ्ठी वाचून घेतलेली. काडी लावताच दोरा आक्रसला, वितळला आणि त्याचा प्लॅस्टिकसारखा कडक काळा मणी झाला.

 बाई शेजारच्या गिऱ्हाइकाला साडीचा पदर उलगडून दाखवू लागल्या.

मी कुर्ता घेतला, पण त्यांच्याकडे नीट बघवलं नाही. समोर उभ्या असलेल्या माणसाला मी तीनतीनदा विचारलं होतं. त्या चिठ्ठीला मात्र एकदाही नाही.