डावीकडची सीट

बल्गेरियातल्या आमच्या दोल्ना क्रुशा गावात एक गाडी अशी होती की ती चालवायला दोन माणसं लागत. ट्रेव्हर आणि ग्लेनिस.

अकरा वर्षांपूर्वी ही दोघं वेल्समधून निवृत्त होऊन माझ्या शेजारच्या घरात राहायला आली. ट्रेव्हरनं चौतीस वर्षं टपालाची गाडी चालवलेली, ग्लेनिसची नोकरी शाळेच्या स्वयंपाकघरात. तिकडचं छोटं घर विकून त्यांनी इथलं मोठं अंगण, द्राक्षाचा मांडव आणि गळकं छप्पर विकत घेतलं. निघण्याआधी दोघांत महिनाभर एकाच गोष्टीवरून वाद चालला होता म्हणे. आपली जुनी हिरवी गाडी घेऊन जायची, की ती विकून इकडे आल्यावर इकडची घ्यायची? आणि इकडची घ्यायची तर नवी की वापरलेली?

निकाल ग्लेनिसनं दिला. "देश बदलायचा, घर बदलायचं, शेजारी बदलायचे. एक तरी वस्तू ओळखीची असू दे की."

ट्रेव्हरला ते पटलं, कारण नवी गाडी हा त्याच्या मते मूर्खांचा शौक होता. "दुकानाच्या फाटकातून बाहेर पडली की किंमत उतरली," तो म्हणायचा. जन्मभर त्यानं दुसऱ्यानं वापरलेल्याच गाड्या घेतल्या होत्या.

तर हिरवी गाडी आली. तिचं स्टीअरिंग उजवीकडे. आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगानं धावतात आणि स्टीअरिंग असतं डावीकडे. त्यामुळे ट्रेव्हर बसायचा रस्त्याच्या कडेला, गवताच्या बाजूला, आणि ग्लेनिस रस्त्याच्या मधल्या बाजूला. पुढे एखादा ट्रॅक्टर किंवा घोडागाडी आली की ट्रेव्हरला समोरचं काही दिसत नसे. तो नुसता विचारायचा, "ग्लेनिस?" ती मान तिरकी करून पुढे बघायची आणि म्हणायची, "थांब," किंवा म्हणायची, "जा." ती 'जा' म्हणाली की तो डोळे मिटून गेल्यासारखा जायचा.

एरवी ग्लेनिस बोलायला कमी. बुटकी, गोल चेहऱ्याची, बाजारात भाव करतानासुद्धा लाजणारी. लायसन्सच्या परीक्षेत तीनदा नापास झालेली. पण त्या डाव्या सीटवर ती सेनापती असायची. "गाडी आम्ही दोघं मिळून चालवतो," असं ती मला अभिमानानं सांगायची.

गावातली शाळा बंद पडून बरीच वर्षं झाली, तरी 'बाई' हे नाव मला चिकटून राहिलं आहे. त्या दोघांनीही तेच उचललं. पुस्तकांवरून शिकलेलं माझं इंग्रजी आणि त्यांची मोडकीतोडकी बल्गेरियन यांवर आमचं छान चालायचं. दर शनिवारी मी त्यांच्या गाडीतून तालुक्याच्या बाजाराला जात असे, मागच्या सीटवर, पिशव्यांच्या शेजारी.

गाडी म्हातारी झाली. दरवर्षीच्या तपासणीच्या आधी आमचा मिंचो मेकॅनिक तिच्याखाली झोपून मोठमोठ्यानं सुस्कारे सोडायचा.

"अहो इंग्रज, हिच्यात आता लोखंड कमी आणि रंग जास्त आहे."

"मी इंग्रज नाही. वेल्श आहे. अकरा वर्षं सांगतोय."

"बरं, वेल्श. माझा भाचा जर्मनीहून वापरलेल्या गाड्या आणतो. एक आलीय, डाव्या स्टीअरिंगची. एका म्हाताऱ्या बाईची होती, फक्त रविवारी चर्चला जायची."

"तुझा भाचा आणतो त्या सगळ्या गाड्या चर्चलाच कशा जातात रे? जर्मनीतल्या म्हाताऱ्यांना दुसरा उद्योग नाही का?"

ग्लेनिस हसायची, पण डाव्या स्टीअरिंगचा विषय निघाला की आत निघून जायची. एकदा मला म्हणाली, "घ्यायचीच झाली तर तिकडूनच मागवावी, वापरलेली, हिच्यासारखीच."

मग त्या उन्हाळ्यात ती 'जा' म्हणेनाशी झाली.

आधी मला वाटलं, वयामुळे धीर सुटला असेल. ट्रॅक्टर दिसला की थांब. रिकामी घोडागाडी दिसली की थांब. एका शनिवारी लाकडं भरलेल्या ट्रकच्या मागे आम्ही सूर्यफुलांच्या शेतांमधून सरपटत होतो.

"ग्लेनिस?"

"थांब."

"अजून?"

"थांब म्हटलं ना, ट्रेव्ह."

"अगं, पोहोचेपर्यंत बाजार उठेल! इतकी भित्री कधीपासून झालीस?"

मी तिच्या मागेच बसले होते. खिडकीतून डोकावून पाहिलं. दूरच्या पॉप्लरच्या झाडांपर्यंत रस्ता मोकळा होता. कडेला फक्त एक करकोचा उभा. ग्लेनिस तर अगदी समोर बघत होती. मी पुन्हा एकदा रस्ता पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं.

दोन दिवसांनी शिवणाच्या दोऱ्याचं निमित्त करून मी तिला बसनं डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर बराच वेळ तपासत होते. मग माझ्याकडे वळून त्यांनी सांगितलं आणि मी भाषांतर केलं: नजरेचा मधला भाग गेला आहे. कडेकडेचं दिसत राहील. गेलेलं परत यायचं नाही.

बसस्टॉपवर ती शांत होती. "बाई, तुमच्याकडे बघितलं की मला तुमचे कान दिसतात, चेहरा नाही. छान आहेत हो तुमचे कान."

"ट्रेव्हरला सांगायला हवं."

"नाही." माझा हात तिनं घट्ट धरला. "सांगितलं तर तो उद्याच डाव्या स्टीअरिंगची गाडी घेईल."

"मग घेऊ दे की. त्याला स्वतःला दिसेल."

"हो, त्याला दिसेल. मग मी काय करू तिथं बसून?"

मी वचन दिलं. 'थांब' म्हणण्यानं कुणाचा जीव जात नाही, अशी मी माझी समजूत घातली.

सप्टेंबरमध्ये, लाल मिरच्या भाजायच्या दिवसांत, ट्रेव्हर माझ्या अंगणात आला. हातात गाड्यांची रंगीत पत्रकं.

"बाई, तुम्ही माझ्याबरोबर शहरात यायचं. माझी बल्गेरियन शोरूमच्या पोराला कळायची नाही."

"वापरलेल्या गाडीसाठी शहरात कशाला?"

"वापरलेली नाही. नवी." तो लाजल्यासारखा हसला. "डाव्या स्टीअरिंगची. ग्लेनिस रस्त्याला घाबरायला लागलीय. मी तिच्यावर ओरडतो आणि मग रात्रभर मलाच वाईट वाटत राहतं. इथं आल्यापासून इतकी वर्षं तिनं माझ्यासाठी बघितलं. आता तिनं बाहेरची झाडं बघत बसावं. आणि जन्मभर तिला लोकांच्या उतरलेल्या सीटवर बसवलं. एकदा तरी अशी गाडी, जिच्यात तिच्याआधी कुणीही बसलेलं नाही."

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. वचन दिलं होतं म्हणून बोलले नाही. खरं सांगायचं तर त्याचा चेहरा इतका फुललेला होता की माझी हिंमतच झाली नाही.

शोरूममध्ये आम्ही तिघं गेलो. विक्रेत्यानं रंगांच्या पट्ट्या पंख्यासारख्या पसरल्या. ट्रेव्हर म्हणाला, "रंग तू निवड."

ग्लेनिस पट्ट्यांकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत काही हलेना. मी वाकून तिच्या कानात म्हटलं, "तिसरा हिरवा आहे."

तिनं बोट बरोबर तिसऱ्यावर ठेवलं. "हा."

"बघा!" ट्रेव्हर विक्रेत्याला म्हणाला. "मला माहीत होतं."

गाडी यायला सहा महिने लागणार होते. सही करून बाहेर पडताना ग्लेनिस जुन्या गाडीच्या डाव्या दाराशी थांबली, हातानं कडी चाचपडली आणि आत बसली. घरी येईपर्यंत पुढे एकही वाहन आलं नाही. ट्रेव्हरनं तिला काही विचारलंच नाही.

फेब्रुवारीत ती गेली. झोपेत, हृदय थांबून. संध्याकाळी तिनं राजम्याचं सूप केलं होतं, सकाळी पातेलं तसंच चुलीवर.

आमच्याकडे माणूस गेलं की फोटोसकट पत्रक छापून फाटकावर आणि खांबांवर लावतात. चाळीस दिवसांनी नवं लावतात, सहा महिन्यांनी आणखी एक. फोटो निवडायला ट्रेव्हरनं मला बोलावलं. शेवटी आम्ही गाडीतलाच घेतला. खिडकीवर कोपर टेकवलेला, चेहऱ्यावर तो सेनापतीचा भाव.

"शेवटचे सहा-सात महिने मी तिला भित्री म्हणत होतो," तो म्हणाला. मी फोटो उचलून पाकिटात घातला.

चाळिसावा दिवस झाला आणि त्याच आठवड्यात नवी गाडी दाराशी आली. शोरूमचा माणूस किल्ली देऊन मागून आलेल्या गाडीत बसून निघून गेला. मी तांब्याभर पाणी घेऊन फाटकात उभी होते. नवी गाडी पहिल्यांदा निघताना चाकांपुढे पाणी ओततात, वाट पाण्यासारखी सरळ जावी म्हणून. मिंचो टोपी काढून उभा होता. विनोद करायचं त्यालाही सुचत नव्हतं.

ट्रेव्हर आला. जन्माच्या सवयीनं गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला गेला, दार उघडलं, आत बसला, पट्टा लावला. हात पुढे केले. समोर स्टीअरिंग नव्हतं.

मिंचो हळूच म्हणाला, "अहो वेल्श, तिकडून नव्हे."

ट्रेव्हर उतरला नाही. पुढे मिंचोचा ट्रॅक्टर उभा होता. ट्रेव्हरनं मान तिरकी केली, आणखी तिरकी केली. मग मला हाक मारली.

"बाई, इथून काहीच दिसत नाही."

मी जवळ गेले.

"ती इथं बसून काय करणार होती?" त्यानं विचारलं.

अगदी तिचे शब्द. तांब्या खाली ठेवून मी त्याला सगळं सांगितलं. डॉक्टर, बसस्टॉप, कान, रंगांच्या पट्ट्या. तो ऐकत राहिला.

"कधीपासून?"

"त्या लाकडांच्या ट्रकच्या आधीपासून."

"म्हणजे तिला दिसत नव्हतं आणि तरी..." तो थांबला. "तरी मला तिनं एकदाही चुकीचं 'जा' म्हटलं नाही."

"नाही."

"आणि मी ही आणली." त्यानं नव्या सीटच्या कापडावरून हात फिरवला. "तिच्या हातात होतं तेवढं एकच काम मी काढून घेतलं. भेट म्हणून."

पाणी मी ओतलं नाही. महिन्याभरात मिंचोच्या भाच्यानं गाडीला गिऱ्हाईक आणलं. फाटकाबाहेर पडलेल्या गाडीची किंमत उतरते, ती उतरलीच. ट्रेव्हरनं एका शब्दानं घासाघीस केली नाही. गिऱ्हाइकाला मिंचो सांगत होता, "अहो, अगदी नवी. हिच्यात कुणी बसलेलंच नाही." ते ऐकून ट्रेव्हर घरात निघून गेला.

मिंचोनं जुन्या हिरव्या गाडीखाली नवे पत्रे ठोकून दिले. पैसे घेतले नाहीत. शनिवारी ट्रेव्हर आजही मला बाजाराला नेतो. मी अजून मागेच बसते. डावीकडची सीट रिकामी असते.

पहिल्याच शनिवारी पुढे गवताचा ट्रॅक्टर आला. मी मागून डोकावले. रस्ता मोकळा होता.

"ट्रेव्हर, मी पुढे येऊन बसू का? मला दिसतं. मी सांगत जाईन."

त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. गाडीचा वेग वाढला नाही.

"नको, बाई," तो म्हणाला. "ती थांब म्हणालीय."

आम्ही बाजारात पोहोचतो तेव्हा बहुतेक दुकानदार पालं उतरवत असतात. उरलेल्या भाजीतली भाजी आम्ही घेतो.