हयवदनचे सात शर्ट

जयनगरच्या एका कोपऱ्यावर, करंजाच्या झाडाखाली कृष्णातनं बावीस वर्षं लोकांच्या कपड्यांना इस्त्री केली. माणूस निपाणीचा, तंबाखूच्या गावचा. पण चिमूटभर कधी तोंडात धरली नाही. म्हणूनच डॉक्टरांनी "बिड्या किती ओढता?" असं विचारलं, तेव्हा त्याची बायको महानंदा खवळली. फुप्फुसं निम्मी गेली होती.

"मग धुरात बसता का?" डॉक्टर म्हणाले.

धूर समोरच होता. हयवदनचे पाण्याचे टँकर नऊ वर्षं समोरच्या बोअरवर रांग लावत, आणि रांगेतही इंजिन धडधडत ठेवत. दोन्ही बाजूंना उंच इमारती. धूर वर जायचा नाही, गल्लीतच घोटाळत राहायचा.

महानंदा हयवदनकडे गेली. "अण्णा, रांगेत तेवढं इंजिन बंद ठेवायला सांगा. ह्यांना श्वास पुरत नाही."

तो हसला. "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, अक्का. जरा सांभाळून घ्या. तुमच्या कोळशाच्या इस्त्रीनं झालं असेल ते."

"दहा वर्षं झाली, गॅसची इस्त्री आहे आमची."

"मग वय झालं." असं म्हणून त्यानं धुतलेल्या पांढऱ्या शर्टांचं गाठोडं तिच्या हातात ठेवलं. उद्या संध्याकाळी पाहुणे येणार होते. शर्ट कडक हवे होते.

"सरी, ठीक आहे," महानंदा म्हणाली. मनात काय शिजतंय ते तिनं नवऱ्यालाही सांगितलं नाही.

सकाळी तिनं सातही शर्टांना झकास इस्त्री मारली. मग करंजापासून विजेच्या खांबापर्यंत दोरी बांधली आणि टँकरच्या धुराड्यासमोर ते ओळीनं टांगले. दिवसभर ती शेजारी बसून राहिली. कुणी विचारलं की सांगायची, "हयवदन अण्णांचे आहेत. स्वतःच्याच गाड्यांचा धूर खातायत." वरच्या मजल्यावरची पुण्याची शाल्मली तासातासाला फोटो काढत होती.

संध्याकाळी हयवदन आला आणि किंचाळलाच. शर्ट राखाडी झाले होते, कॉलर काळ्या.

"नासवलेस तू!"

"हे एका दिवसाचं, अण्णा. माझ्या माणसानं नऊ वर्षांचं आत घेतलंय. ते कुठं धुऊन मिळतं, पत्ता द्या."

शाल्मलीनं फोटोंसकट तक्रार केली. तपासणी झाली. पाचांतले तीन टँकर नापास. धूर तपासल्याचे कागद गाडी न नेताच मिळवलेले. तिन्ही बंद झाले. महानंदानं त्या दिवशी गोड केलं.

कृष्णातला घास गेला नाही. "ड्रायव्हरांनाही घरं आहेत गं," तो धापा टाकत म्हणाला. "पुरे आता."

"तुम्ही बोलू नका, दम लागेल," ती म्हणाली आणि त्याच्या पानात आणखी शिरा वाढला.

आठवड्यानं हयवदन हात जोडून आला. तक्रार मागं घ्या म्हणाला. महानंदानं कृष्णातचं स्टूल रस्त्याकडे सरकवलं. "बसा. आजचा दिवस इथं काढा, मग बोलू."

तो बसला. दोन बस गेल्या, एक लॉरी अडकून धुमसत राहिली. पंधराव्या मिनिटाला तो रुमाल तोंडाशी धरून खोकत उठला आणि निघून गेला. पोटभर जेवल्यासारखं तिला वाटलं. लाज वाटली नाही.

कृष्णात पुन्हा इस्त्रीच्या गाडीवर आला नाही. घरात मशीनच्या नळीवर श्वास घेतो. उरलेले दोन टँकर आता मागच्या गल्लीत, एका फुलवालीसमोर उभे राहतात. हे कळताच महानंदानं इस्त्री बंद केली आणि शाल्मलीला हाक मारली.

"मोबाईल घे," ती म्हणाली. "चल."