नोंदीबाहेरची नऊ

आमच्या चाळीच्या मागं, रेल्वेच्या रुळांकडे जाणाऱ्या वाटेवर नूरबीचं दोन खोल्यांचं घर आहे. ती मूळची पिंपरीचीच. आता जिथं कारखान्यांच्या भिंती आहेत तिथं हरभरा पेरायचे, तेव्हापासूनची. तिचा नवरा चांदभाई कंपनीच्या फाटकासमोर सायकली दुरुस्त करायचा. शिफ्ट सुटली की त्याच्यापुढं पंक्चरवाल्यांची रांग लागायची. दोघांना मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, मीही कधी विचारलं नाही.

आम्ही चौसष्ट साली चाकणहून इथं राहायला आलो. ह्यांना कंपनीत नोकरी लागली होती. तेव्हा जिकडे बघावं तिकडे बांधकाम. नगरकडून, बीड-परभणीकडून आलेल्या बाया पोरांना वाळूच्या ढिगावर सोडून दिवसभर डोक्यावर पाट्या वाहायच्या. अडुसष्ट साली त्यांतलं एक दोन वर्षांचं पोर चुना विरवण्याच्या खड्ड्यात पडलं. पाय भाजले. नूरबी तिथून पाणी घेऊन चालली होती. तिनं कळशी टाकून पोर उचललं आणि घरी आणलं. त्याच्या आईला खाडा परवडणारा नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशीही ते नूरबीकडेच राहिलं. त्याला बघून दुसरीनं आपलं आणून ठेवलं. दिवाळीपर्यंत नूरबीच्या घरात चौदा पोरं झाली.

ठेवायला जागा होती, पण दुपारी खायला काय घालायचं? नूरबीनं कुणापुढं तोंड उघडलं नाही. बोलल्या त्या आमच्या सुभद्राबाई. आमच्या भजनी मंडळाच्या त्या प्रमुख, वयानं मोठ्या आणि सोवळ्याओवळ्याच्या कडक. आमच्यात रिवाज होता, अजूनही आहे. स्वयंपाकाला बसण्याआधी प्रत्येकीनं एक मूठ धान्य देवाच्या नावानं बाजूला काढायचं. ते देवळाच्या अन्नदानाला जायचं. सुभद्राबाई म्हणाल्या, निम्मं देवळात जाऊ दे, निम्मं त्या पोरांना जाऊ दे, देव काही रागावणार नाही. मात्र द्यायचं ते कोरडं धान्यच. शिजवणार नूरबी, तेव्हा कोरड्याला विटाळ नाही, असा त्यांचा हिशेब. मला तेव्हा तो अगदी बरोबर वाटला होता, हे लपवून काय करू?

अशी आठ वर्षं चालली. बावीस घरांतून मूठ निघायची आणि रोज सकाळी मी ती गोळा करून नूरबीकडे पोचवायची. एकादशीला मात्र मूठ नसे. त्या दिवशी धान्यात पाप वसतं, म्हणून खायचं नाही आणि कुणाला द्यायचंही नाही, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. आम्ही सगळ्या त्या दिवशी बसनं आळंदीला जायचो, दर्शन घ्यायचो, संध्याकाळी भगर खायचो आणि समाधानानं झोपायचो.

ह्यांना मात्र हा प्रकार पसंत नव्हता. हे युनियनचे. म्हणायचे, "आम्ही कर भरतो. कंपनी कर भरते. पोरांना जेवू घालणं सरकारचं काम आहे. तुमच्या मुठीनं फक्त सरकारची सोय होते." सुभद्राबाईंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी मला विचारलं, "मग तुमच्या ह्यांचं पुण्य काय सरकारी कचेरीत जमा होतं का गं?" मी दोन्हीकडे मान डोलवायची. खरं सांगायचं तर दोघांचंही थोडंथोडं पटायचं.

त्र्याहत्तरच्या दुष्काळानं माणसांचा लोंढा आला. बांधकामांवर माणूस मावेना आणि नूरबीच्या घरात पोर. रेशनवर परदेशी ज्वारी मिळायची, लाल मिलो, तीही रांगेत उभं राहून. तेव्हा मुठीही आखडल्या. नाही कुणी म्हटलं नाही, पण रोजचा डबा पूर्वी काठोकाठ भरायचा तिथं निम्माच भरू लागला. नूरबीनं तक्रार केली नाही. आमटी पातळ होत गेली आणि चांदभाईच्या जेवणातली भाकरीही कमी झाली. तो ह्यांना चेष्टेनं म्हणायचा, "साहेब, आमच्या घरात माझाच नंबर शेवटचा. आधी चाळीस जेवतात, मग मी."

शहात्तर साली बालवाडीला सरकारी अनुदान मिळायची योजना आली. मुलांना रोज सुकडी, म्हणजे भाजलेल्या पिठाचा गोड खाऊ, शिकवायला बाई, मदतीला बाई, पाट्या, खेळणी. अर्ज नोंदणी झालेल्या मंडळाकडून हवा होता. आमचं भजनी मंडळ महिला मंडळ म्हणून नोंदलेलं होतं. मी सातवीपर्यंत शिकलेली आणि रोज वही लिहायची सवय असलेली, म्हणून फॉर्म भरायचं माझ्याकडे आलं. दुपारी मी नूरबीच्या ओसरीवर बसले. ती एकेक पोर समोर उभं करायची आणि मी लिहायची. नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, राहण्याचं ठिकाण. वय तीन ते सहाच्या मधलं हवं. जागा तीस.

तिसावं नाव लिहून मी पेन बंद केलं.

"अजून नऊ हायेत," नूरबी म्हणाली.

मी तिला समजावून सांगितलं. चौघं तिनाच्या आतली, दोघं सहाच्या वरची, तिघांच्या आयांना राहण्याचं ठिकाणच नव्हतं, आज या साइटवर तर उद्या त्या. ही नऊ फॉर्मात बसत नव्हती. तिनं फॉर्म हातात घेतला. तिला वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ बघत राहिली.

"म्हंजी ह्यास्नी दारातनं माघारी लावायचं?"

"बालवाडीच्या दारातून," मी म्हटलं. "तुझ्या दारातून कोण लावणार?"

"माझ्या दारात घालायला काय हाय, वहिनी?"

मी फॉर्म घडी करून पिशवीत ठेवला. अर्ज गेला. सहा महिन्यांनी मंजूर होऊन आला आणि चाळीच्या समाजमंदिरात बालवाडी सुरू झाली. दहावी झालेली एक मुलगी बाई म्हणून आली. पिवळी सुकडी पोत्यांतून आली आणि तीस पोरं रोज पोटभर जेवू लागली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. सरकारनं दिलं ते चांगलंच दिलं. आमच्या मुठींनी इतकं कधी जमलं नव्हतं.

पण मंजुरी आल्याबरोबर मूठ बंद पडली. बावीस घरांतली चारच उरली. बाकीच्या म्हणाल्या, आता सरकार देतंय की. कुणी वाईट मनानं म्हटलं नाही. ज्याचं ओझं त्यानं उचललं, असंच सगळ्यांना वाटलं. आमचे हे तर खूश, शेवटी घेतली ना जबाबदारी म्हणून. आणि नूरबीची नऊ पोरं चार घरांच्या मुठीवर आली.

गुरुवारी माझ्या घरी भजन असायचं. भजन संपल्यावर नूरबी आली आणि उंबऱ्याबाहेर बसली. मी आत ये म्हटलं तरी तिथंच बसली. मग तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण आवाज न चढवता सांगितलं, "सरकार तिसांचं करतंय, लई ब्येस करतंय. त्यांची काळजी मला न्हाई आता. पन सरकारला वळख लागती. नाव, गाव, तारीख. तुमी इतकी वरसं मूठ दिली, कुनाचं पोर म्हून कवा इचारलं न्हाई. आता ज्यास्नी वळख न्हाई, तीच तेवढी उपाशी ऱ्हायली."

सुभद्राबाई म्हणाल्या, "मग सरकारलाच सांग की वाढवायला."

"सांगितलंय. वहिनींनी दुसरा अर्ज लिवलाय. पन त्याचं उत्तर येईस्तवर पोरांनी जेवायचं थांबायचं व्हय?"

मंडळातली कौशल्याबाई टाळ पिशवीत भरू लागली. तेवढ्यात माझ्याच तोंडून गेलं, की सरकारची सुकडी एकादशीलाही येते, आपली मूठ मात्र त्या दिवशी नसते. का बोलले, माहीत नाही. कदाचित सरकारची बाजू घ्यायची सवय ह्यांच्याकडून लागली असेल. सुभद्राबाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि मग नूरबीकडे वळल्या.

"एकादशीला काय घालायचीस गं त्यांना?"

"आदल्या दिवसाचं राखायची. दशमीला पोरं जरा कमी जेवायची, येवढंच."

"आठ वर्षं?"

"व्हय."

"आणि सांगितलं का नाहीस?"

"तुमचा धरम हाय तो. मी कोन सांगनार? माझ्या रोज्यात तुमी मला कवा काय म्हनला न्हाई."

आठ वर्षं आमच्या एकादशीचा उपास त्या पोरांनी एक दिवस आधी केला होता. आम्ही आळंदीला गेलो, हात जोडले आणि यातलं काही आम्हाला माहीत नव्हतं. एकादशीला धान्य द्या, असं सुभद्राबाई म्हणाल्या नाहीत. म्हणणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. त्या म्हणाल्या, "यापुढं दशमीला दोन मुठी काढायच्या. एक त्या दिवसाची, एक दुसऱ्या दिवसाची. आणि नूरबी, उंबऱ्यात बसून पाय दुखतील, आत ये."

बावीसच्या बावीस परत आल्या असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. तेराजणी आल्या. नऊ पोरांना तेवढं पुरलं.

मदतनीसाची जागा नूरबीला मिळणार होती, दरमहा मानधन. सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. तिनं नाही म्हटलं. चांदभाई चिडला. त्याचे डोळे तेव्हा अधू होत चालले होते, सायकलीची तार हाताला लागायची नाही. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही सांगा तिला. घरी चालत आलेलं लाथाडतीय." मी गेले. नूरबी म्हणाली, सरकारचा पगार घेतला की रोज अकरा ते तीन मी सरकारची. मग या नवांना कोण वाढणार? तिनं त्या जागेसाठी रंभाचं नाव सुचवलं. रंभा गेवराईकडची, विटा वाहणारी. तिचं दीड वर्षाचं पोर त्या नवांपैकी एक. रंभाला जागा मिळाली आणि तिच्या डोक्यावरची पाटी सुटली. चांदभाई आठवडाभर नूरबीशी बोलला नाही. मग बोलू लागला. न बोलून सांगतो कुणाला, घरात दिवसभर पोरांचाच कालवा.

आता गंमत अशी झाली, की समाजमंदिर आणि नूरबीचं घर यांच्यात बारा पावलांची वाट. इकडे तिसांना सुकडी, तिकडे नवांना भाकरी-आमटी. सुकडीवाल्यांना भाकरी हवी, भाकरीवाल्यांना सुकडी. पोरं वाटेच्या मधोमध भेटायची आणि अदलाबदल करायची. शिकवणारी मुलगी घाबरायची, रंभा हसायची.

नेमक्या अशाच एका दुपारी सरकारी कचेरीतल्या सुमनताई तपासणीला आल्या. स्वभावानं वाईट नव्हत्या, पण काम चोख. त्यांनी पोरं मोजली तर वाटेवर जास्त निघाली. मला बोलावणं आलं. मी पोचले तेव्हा त्या नूरबीसमोर उभ्या होत्या.

"ही कुणाची मुलं?"

"माझी," नूरबी म्हणाली.

"नऊच्या नऊ?"

"नऊच्या नऊ."

सुमनताईंना हसू आलं असावं, पण त्यांनी ते दाबलं. मग गंभीर होऊन म्हणाल्या, नोंद नसलेल्या मुलांच्या तोंडात सरकारी सुकडी जाताना मी पाहिलीय, मला हे लिहावं लागेल. अनुदान बंद झालं तर तीसही गेली. मी मधे पडून काहीतरी सारवासारव करणार, तोच नूरबी म्हणाली, "लिवा की, बाई. खोटं कशापायी लिवायचं? नऊ हायेत, तेबी लिवा. त्यांची नावं मी सांगते. आजवर कुटंच लिवली न्हाईत."

सुमनताईंनी तिच्याकडे पाहिलं, मग ओसरीवर बसल्या आणि एकेक नाव लिहून घेतलं. जन्मतारखेच्या जागी नूरबी म्हणायची, "दुष्काळातली," "पूल पडला तवाची." सुमनताईंनी तेही लिहिलं.

पुढचे दिवस माझे फार वाईट गेले. रोज देवापुढं दिवा लावताना एकच मागणं, की या बाईच्या खरेपणापायी तीस पोरांचं ताट ओढलं जाऊ नये. हे म्हणायचे, सरकार इतकं वाईट नसतं. सुभद्राबाई म्हणायच्या, सरकार इतकं चांगलंही नसतं. आठ महिन्यांनी कागद आला. दहा जागा वाढवून दिल्या होत्या, वयाची आणि ठिकाणाची अट सैल करून, खास बाब म्हणून.

मी तो कागद घेऊन धावत नूरबीकडे गेले. तिनं ऐकलं, कागद कपाळाला लावला आणि लगेच विचारलं, "कंदी लिवायची नावं?" मी म्हटलं, आत्ता. पण मधल्या आठ महिन्यांत तीन पोरांच्या आया काम संपवून दुसरीकडे निघून गेल्या होत्या. उरली होती सहा. मी सहा नावं लिहिली आणि चार रकाने कोरे राहिले. मी सहज म्हणून गेले, की बघ, आता सरकारलाच पोरं कमी पडायला लागली.

नूरबीनं चपला घातल्या, पदर डोक्यावर ओढला आणि भर उन्हात रुळांपलीकडच्या नव्या बांधकामाकडे निघाली. तासाभरानं परत आली तेव्हा तिच्या मागं पाच पोरं होती.

"चारच जागा आहेत, नूरबी," मी म्हटलं.

ती पाचव्याचे हात धूत होती. "लिवा तुमी चार," म्हणाली. "ह्याला म्या वाढते."