पार्सल पोचलं का?

जर्मनीतल्या ज्या लहान गावात मी राहतो तिथे पोस्टाची वेगळी इमारत नाही. वह्या-पेनांच्या दुकानात एका कोपऱ्यात पोस्टाचा काउंटर आहे आणि दुकानाची मालकीणच पार्सलं घेते. वर्षातून दोनदा मी तिच्याकडे खोकं घेऊन जातो. रत्नागिरीला, आईला पाठवायला. आत काय आहे ते फॉर्मवर एकेक करून लिहावं लागतं. चॉकलेटं, बदाम, गुडघ्याला लावायचं मलम, लोकरीची शाल. रत्नागिरीच्या हवेत लोकरीची शाल कोण पांघरणार, असा प्रश्न मला कधी पडला नाही.

पार्सल पाठवलं की आपण आईसाठी काहीतरी केलं असं वाटायचं. मग पुढचे दोन-तीन आठवडे फोन राहून गेला तरी मन खात नसे. पावतीवरचा नंबर मोबाईलवर टाकला की खोकं कुठवर पोचलं ते दिसे. विमानात चढलं, मुंबईत उतरलं, कस्टममधून सुटलं. बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, मी ते सारखं बघत असे.

वडील बोटीवर नोकरीला होते. ते वारल्यापासून आई मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला आमच्या घरी एकटीच असते. त्या वर्षी गणपतीच्या आधी पोचेल अशा बेताने मी पार्सल टाकलं होतं. ते वेळेत रत्नागिरीत आलं आणि एका सकाळी मोबाईलवर दिसलं: घर बंद.

मी ऑफिसातूनच फोन लावला.

“आई, आहेस कुठे तू? पोस्टमन येऊन गेला. घराला कुलूप.”

“अरे, मी लांज्याला आलेय. मावशीकडे. जरा चार दिवस.”

“आत्ताच जायचं होतं? पार्सल येतंय म्हणून सांगितलं होतं ना मी?”

“हो रे. चुकलंच माझं.”

“सात दिवस ठेवतात पोस्टात. त्यानंतर नाही. आणि परत आलं तर पुन्हा खर्च, म्हणून मी लिहून दिलंय की परत पाठवू नका. म्हणजे गेलंच ते.”

“मग रे आता?”

“मग काय? जा आणि घेऊन ये. आधार कार्ड घेऊन जा, सही तुझीच लागेल.”

तिचा आवाज खोल गेल्यासारखा येत होता. मला वाटलं, रेंज नसेल. पुढचे तीन दिवस मी रोज फोन केला. फोन उचलला की माझं पहिलं वाक्य एकच, “गेलीस का?” एकदा ती म्हणाली, “पाऊस फार आहे रे.” मी म्हटलं, “श्रावणात पाऊस असणारच, छत्री नाही का तुझ्याकडे?” असं बोलून मी फोन ठेवला. सहाव्या दिवशी मोबाईलवर आलं, पार्सल दिलं. मी तिच्याकडे फोटो मागितला, वाटेत काही फुटलं-चोरीला गेलं तर नाही ते बघायला. तिने सगळ्या वस्तू खाटेवर मांडून फोटो पाठवला. तो मी ऑफिसात दोघा-तिघांना दाखवलासुद्धा.

डिसेंबरात मी रत्नागिरीला गेलो. आई दारात उभी होती. आत जाताना ती उजवा पाय जरा ओढत चालली. मी म्हटलं, “आई, वजन वाढलंय तुझं. रोज चालायला जात जा.”

“हो, जाईन,” ती म्हणाली आणि चहा टाकायला वळली.

परतायच्या आधी माझी बॅग भरून गेली. आईने बांधून दिलेली आमसुलं आणि कुळथाचं पीठ त्यात मावेना. पोस्टाने जर्मनीला पाठवता येईल का, हे विचारायला मी पोस्टात गेलो. काउंटरवर चाळिशीच्या बाई होत्या. त्यांनी दिलेल्या फॉर्मवर मी पाठवणाऱ्याच्या जागी आईचं नाव-पत्ता लिहिला. तो वाचून त्यांनी वर पाहिलं.

“तुम्ही यांचे चिरंजीव का? जर्मनीतले?”

“हो.”

“आईंचा पाय कसा आहे आता?”

“कसला पाय?”

आपण बोलायला नको होतं असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण मी तिथून हललो नाही, तेव्हा त्यांनी सांगितलं. ऑगस्टात आई रिक्षातून आली होती, पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर. बरोबर तिची बहीण. लांज्याहून एसटीने आल्या होत्या दोघी, भर पावसात. आईला पायऱ्या चढता येईनात, म्हणून या बाईच रजिस्टर आणि खोकं घेऊन खाली रिक्षापाशी गेल्या.

“मी म्हटलं त्यांना, आजी, बहिणीकडे चिठ्ठी द्यायची होतीत सहीची. नाहीतर एक फोन करायचात, ठेवलं असतं आम्ही आणखी दोन दिवस. तर म्हणाल्या, नको हो, काही चुकलं तर मुलगा रागावेल. त्याला तिकडून सगळं दिसतं.”

मागे रांगेत माणसं होती. त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. माझे कान तापले. आमसुलांची पिशवी तशीच उचलून मी बाहेर आलो आणि रस्त्यावर उभं राहून मोबाईलमधला तो फोटो शोधला. चॉकलेटं, बदाम, मलम, शाल. खाटेच्या कडेला पांढरं काहीतरी होतं, इतके दिवस मी ते उशी समजत होतो.

घरी गेलो तेव्हा आई मागल्या दारी बांगडे साफ करत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो.

“पाय कधी मोडला तुझा?”

तिने विळी बाजूला केली नाही. “कोणी सांगितलं? पोस्टातल्या बाईने ना? बोलकी आहे फार.”

“आई.”

“इथेच, या चिऱ्यावर. शेवाळ आलं होतं, घसरले. दोन दिवस दवाखान्यात होते, मग मावशी घेऊन गेली. झालं ते झालं.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“सांगणार होते,” ती म्हणाली. “तू पहिला फोन केलास ना, कुलूप आहे म्हणून, तेव्हाच सांगणार होते. पण तू आधीच चिडलेला. म्हटलं, पार्सलाचं एकदा होऊन जाऊ दे.”

तिने हे कुरकुरत म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती बाजारातली गोष्ट सांगावी तसं सांगत होती. मी तिच्या पायाकडे पाहिलं. घोट्याजवळ हाड जरा वर आलेलं होतं. दहा दिवस मी त्या घरात होतो, तिच्या हातचं जेवत होतो आणि ते मला दिसलं नव्हतं. माफी मागायची म्हणून मी तोंड उघडलं, पण बाहेर काय आलं तर, “डॉक्टरने व्यायाम सांगितलाय का काही?”

“सांगितलाय. करते,” ती म्हणाली आणि मासे धुवायला उठली.

आता मी दर दोन दिवसांनी फोन करतो आणि आधी तिची तब्येत विचारतो. ती म्हणते, “मी अगदी बरी आहे. तू कसा आहेस?” ते खरं की खोटं, मला ओळखता येत नाही. म्हणून मी मावशीचा नंबरही घेऊन ठेवला. गेल्या महिन्यात तिला फोन करून विचारलं, “आई खरंच बरी आहे ना?”

मावशी म्हणाली, “तुला काय सांगायचं आणि काय नाही, ते तिने मला बजावून ठेवलंय बाबा. तू तिलाच विचार.”