दिसंल तेवढंच पळायचं

मोटारसायकल चालवणारे आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत, पण तिच्यावर विचार करणारा एकच माणूस देवाने जन्माला घातला आणि तो नेमका माझा साडू निघाला. हे थोरले साडू विट्याचे. उभी हयात त्यांनी तमिळ मुलखात सोनं गाळायचं दुकान चालवलं, साठीला ते मुलाच्या हवाली केलं आणि गावी परतले ते थेट मोटारसायकलीच्या शोरूममध्ये. ‘वेग जिवाला घातक,’ असं कुणी म्हटलं की अंगावर पाल पडल्यासारखा चेहरा करायचे. “वेगानं कुणी मरत न्हाई, पावणं. न दिसल्यानं मरतं माणूस. दिसंल तेवढंच पळायचं, एवढंच शास्त्र हाय!”

हे शास्त्र ते आचरणात आणायचे, हीच खरी पंचाईत होती. अनोळखी रस्त्यावर जोरात जायचं नाही, म्हणून आधी तो रस्ता विसाच्या वेगाने तपासायचा. खड्डे कुठे, कुठल्या वस्तीवरची कुत्री अंगावर येतात, कुठल्या शेतातून उसाची ट्रॉली बाहेर पडते, सगळं बघून घ्यायचं. मग माघारी यायचं आणि तोच रस्ता वाऱ्यासारखा कापायचा. एकदा कराडला लग्नाला आम्ही दोघे असेच निघालो. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आमच्यामागून एस.टी.ने निघालेल्या बायका जेवून हात धुऊन बसल्या, तेव्हा आम्ही मांडवात शिरलो. “पण आलो कसं? नव्वदनं!” साडूंनी छाती काढून सांगितलं. त्यांची बायको, आमच्या आक्का, म्हणाल्या, “व्हय, आन् नवरी बी गेली नव्वदनंच.”

दूध आणायलाही ते हेल्मेट घालून जात, त्यामुळे गल्लीतल्या पोरांना त्यांचा खरा चेहरा ठाऊकच नव्हता. शाळा सुटायच्या वेळी शाळेपुढून ते गाडी बंद करून हाताने ढकलत नेत आणि दारातल्या मास्तरांना रस्त्याच्या कडेने चालण्याविषयी सूचना देत. मी साताऱ्याचा, जातिवंत भित्रा. काटा चाळीसच्या पुढे गेला की मला विम्याचे कागद आठवतात. तरी खरं सांगायचं तर साडूंच्या मागे बसून मला कधी भीती वाटली नाही. वेगाच्या वादात तर मी दरवेळी हरलो.

गेल्या वर्षी भर दुपारी आम्ही त्यांच्या चांगल्या तपासलेल्या रस्त्याने चाललो होतो. पुढे एका कडेला म्हैस चरत होती, दुसऱ्या कडेला तिची मालकीण, एक म्हातारी, बसली होती आणि दोघींच्या मध्ये कासरा रस्त्यावर आडवा ताणलेला. मला तो लांबूनच दिसला. मला दिसला म्हणजे साडूंना दिसला असणारच, म्हणून मी गप्प राहिलो. गाडी काही मंदावेना. शेवटी त्यांचा खांदा धरून ओरडलो, “दाजी, कासरा!” गाडी फरफटत, तिरकी होत, दोरीपासून हातभर अंतरावर थांबली. म्हातारी जागची हलली नाही. “डोळं हायत का बटणं रं, बाबा?” एवढंच म्हणाली.

एरवी साडूंनी तिला शास्त्र ऐकवलं असतं. त्या दिवशी त्यांनी तिला कासरा तसाच ताणून धरायला सांगितलं आणि मला विचारलं, “पावणं, तुमाला ह्यो कुठनं दिसला?” मी मागची बाभळ दाखवली. ते बाभळीपर्यंत चालत गेले, कपाळाला हात लावून बघत राहिले, मग एकेक पाऊल पुढे येऊ लागले. थांबले ते कासऱ्यापासून दहा पावलांवर. “मला हितनं दिसतोय,” म्हणाले. आवाज अगदी शांत होता. त्यांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. “धा पावलांत नव्वदची गाडी थांबत न्हाई. चालवा तुमी.”

सांगलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याचा पडदाच थकलाय, आता चष्म्याने भागायचं नाही. इतकी वर्षं मी त्यांना ‘हळू चालवा’ म्हणत आलो, आणि त्यांनी गाडी सोडली तेव्हा मला अजिबात बरं वाटलं नाही.

आता महिन्यातून एकदा मी विट्याला जातो आणि त्यांना मागे बसवून फिरवून आणतो. परवा एका सरळ रस्त्यावर त्यांनी विचारलं, “काटा कुठं हाय, पावणं?” काटा पंचेचाळीसवर थरथरत होता. “ऐंशी,” मी सांगितलं. ते माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “पंचेचाळीस हाय. कानाला कळतं मला. पर ऱ्हाऊ द्या, ब्येस वाटलं ऐकाय.”

रस्ता लांबवर मोकळा होता. मी नीट बघून घेतलं, पुन्हा एकदा बघितलं, आणि मूठ पिळली. काटा साठवर गेला. साडूंनी माझ्या पाठीवरचा हात काढून घेतला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून ते ताठ बसले.